शेड आणायला निघण्याआधी

दिव्याची शेड बहुतेक वेळा रंग पाहून घेतली जाते. घरी आल्यावर कळतं की ती होल्डरवर बसतच नाही. किंवा बसते, पण दिवा बापाची टोपी घातलेल्या पोरासारखा दिसतो. म्हणून निघण्याआधी अर्धा तास दिव्यापाशी बसा. मोजपट्टी, कागद, पेन्सिल, एवढं पुरे. प्लग काढा, बल्ब निवू द्या आणि जुनी शेड असली तर उतरवून ठेवा. ती इतक्यात टाकू नका, तिच्यावरून मापं घ्यायची आहेत.

पहिली नोंद बल्बची. होल्डरवर किंवा दिव्याच्या बुडाशी चिकटवलेल्या कागदावर जास्तीत जास्त किती वॅट चालतील ते लिहिलेलं असतं. तो आकडा उतरवून घ्या. नव्या शेडच्या आतही असा आकडा असेल, तर दोन्हींतला लहान तो आपला. जुन्या तारेच्या बल्बमध्ये सुमारे ९० टक्के विजेची उष्णताच होते, म्हणजे ६० वॅटचा बल्ब ही शेडच्या पोटात ठेवलेली लहानशी शेगडीच. हॅलोजन त्याहून तापट. एलईडी ८-९ वॅटमध्ये जवळपास तेवढाच उजेड देतो, त्यामुळे कापडाची किंवा कागदाची शेड घ्यायची तर माझ्या मते दुसरा बल्ब लावूच नये. एलईडीच्या खोक्यावर ‘६० वॅटच्या बरोबरीचा’ असं छापलेलं असतं, त्याने गोंधळू नका. मर्यादेशी ताडून पाहायचे ते प्रत्यक्ष वॅट. मात्र एलईडी अजिबात तापत नाही असंही नाही. त्याच्या बुडातलं सर्किट तापतं आणि वारा मिळाला नाही तर बल्ब लवकर जातो. तेव्हा शेड वरून उघडी हवी.

बल्ब आणि शेडची भिंत यांत किती जागा राहील, तेही आत्ताच बघा. तारेचा बल्ब असेल तर मी चहूबाजूंनी ५ सेंटिमीटरच्या खाली येत नाही, आणि वॅट वाढले तर अंतरही वाढवतो. ही सवय एका कागदी शेडने लावली. ती चिमट्याने थेट बल्बवर बसणारी होती. पुस्तक उचलताना धक्का लागून कधीतरी कलली आणि तशीच राहिली. काही दिवसांनी खोलीत करपट वास येऊ लागला, तेव्हा पाहिलं तर आतून रुपयाएवढा तपकिरी डाग. असा डाग दिसला की शेड मोडीत काढायची. डागाची बाजू भिंतीकडे फिरवून वापरत राहणं नको. चिमट्याची शेड घ्यायचीच असेल तर एलईडीवर घ्या, आणि चिमटा गोल बल्बसाठी आहे की मेणबत्तीच्या आकाराच्या, ते पाहून घ्या.

आता मापं. टेबलापासून होल्डरच्या खालच्या कडेपर्यंतची उंची मोजा. ही बैठकीची उंची. शेडची उंची साधारण तिच्या दोन-तृतीयांश आणि खालचा व्यास जवळपास बैठकीच्या उंचीइतका. म्हणजे बैठक ३६ सेंटिमीटर असेल तर शेड २४ उंच आणि खाली ३६ रुंद. हा ठोकताळा आहे. खांब काडीसारखा बारीक असेल तर शेड लहान चालते, बैठक मडक्यासारखी फुगीर असेल तर तिच्या पोटापेक्षा शेड चांगली रुंद लागते. मनात चित्र उभं राहत नसेल तर वर्तमानपत्राची त्या मापाची गुंडाळी करून बंद दिव्यावर धरा आणि खोलीच्या दारातून बघा. शेडची मापं वरचा व्यास, खालचा व्यास आणि तिरकी उंची अशी तीन असतात. कागदावर याच क्रमाने लिहा.

डोळ्यांचं माप लोक हमखास विसरतात. दिव्याशेजारच्या खुर्चीत रोजच्यासारखं बसा आणि कोणाला तरी जमिनीपासून डोळ्यांपर्यंतची उंची मोजायला सांगा. शेडची खालची कड साधारण तिथे आली पाहिजे. ती बरीच वर गेली तर बल्ब डोळ्यांवर येतो, फार खाली आली तर पुस्तकावर उजेडाचं लहानसं वर्तुळ उरतं. पलंगाशेजारच्या दिव्याला हेच माप उशीला टेकून घ्या. आणि होल्डर शेडखाली झाकला गेला पाहिजे.

शेड बसते कशावर ते पाहा. आट्यांच्या २७ मिलिमीटर होल्डरला साधारण ४० मिलिमीटरची रिंग लागते, पिनांच्या २२ मिलिमीटर होल्डरला २९ च्या आसपासची. जुन्या शेडची रिंग मोजली की प्रश्न मिटतो. रिंग मोठी असेल तर मध्ये बसवायची लहान रिंग मिळते; दोऱ्याने किंवा चिकटपट्टीने आवळू नका. काही दिव्यांत बल्बभोवती तारेची कमान असते आणि शेड तिच्या टोकावर स्क्रूने बसते, तिथे बल्ब कमानीला टेकत नाही ना, एवढं पाहायचं.

रंगाचं थोडक्यात: गडद शेडमधून उजेड फक्त वर-खाली जातो, तेव्हा वाचायला आतून पांढरी घ्या. धातूची शेड तापते, लहान मुलांच्या हाताशी नको. दिव्यात उघडा धातू असेल तर अर्थिंगचा तीन पिनांचा प्लग हवा, नाहीतर चौकोनात चौकोन अशी, म्हणजे दुहेरी इन्सुलेशनची, खूण शोधा.

शेड आणल्यावर दिवा बोटाने हलकेच कलवून पाहा. सोडल्यावर डुगडुगत राहिला तर शेड जड आहे. मग तासभर लावून ठेवा आणि बल्बच्या समोरच्या बाजूला शेडला बाहेरून जपून हात लावा. हात टेकवत नसेल तर आधी कमी वॅटचा बल्ब लावा, आणि दिवा पडद्यापासून दूर सरकवा.