'चिल्ड्रन ऑफ मेन' दाखवल्यावर प्रेक्षकांना बोलतं कसं करावं

आल्फोन्सो क्वारोनचा हा २००६ सालचा चित्रपट संपला की सभागृहात बहुधा कोणीच बोलत नाही. मग पहिलं वाक्य येतं, "काय कॅमेरा चालवलाय!" किंवा "फारच निराश करणारा आहे बुवा." दोन्ही वाक्यं मनापासूनची असतात. पण चर्चा तिथेच थांबली, तर आत साठलेलं तसंच राहतं आणि लोक चपला शोधू लागतात. फिल्म क्लब, महाविद्यालयाचं चित्रपट मंडळ, वाचक गट किंवा परदेशातलं महाराष्ट्र मंडळ यांपैकी कोणी हा चित्रपट दाखवून त्यावर बोलायचं ठरवलं, तर काय करावं आणि काय टाळावं ते इथे दिलं आहे. पुढे शेवटासकट सगळ्या प्रसंगांचा उल्लेख आहे, त्यामुळे चित्रपट पाहिला नसेल तर आधी पाहून घ्या.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठरवून टाका. "कसा वाटला?" हा प्रश्न पहिला अर्धा तास विचारायचा नाही. त्याऐवजी "काय दिसलं? काय ऐकू आलं?" असं विचारायचं. क्वारोनने महत्त्वाचं बरंच काही पात्रांच्या पाठीमागे ठेवलं आहे: भिंतींवर, बसच्या खिडकीबाहेर, पिंजऱ्यांत. प्रत्येकाने वेगळा कोपरा पाहिलेला असतो. ते कोपरे एकत्र आले की मतं आपोआप निघतात, आणि त्यांना बूडही असतं.

खेळाआधी

घरी पाहण्यासाठी घेतलेली डिस्क किंवा ओटीटीचं खाते सार्वजनिक खेळाला चालत नाही. हक्कधारकाची परवानगी किमान महिनाभर आधी मागा.

चित्रपट १०९ मिनिटांचा आहे. दहा मिनिटं प्रास्ताविक, दहा मिनिटं चिठ्ठ्या, पाऊण तास चर्चा असा हिशोब धरला तर सहाला सुरू केलेला कार्यक्रम नऊच्या आत संपतो. मध्यंतर घेऊ नका. सभागृहाचा नियमच असेल, तर ओसाड शाळेचा प्रसंग संपल्यावर थांबा. तिथे कथेने श्वास घेतलेला असतो. बेक्सहिलच्या निर्वासित छावणीत शिरल्यावर थांबवलात तर ताण तुटतो आणि पुन्हा जुळत नाही.

आवाजाची चाचणी घेताना स्फोटाचा प्रसंग लावून पातळी ठरवू नका. नायक थिओचा म्हातारा मित्र जॅस्पर याच्या घरातल्या गप्पा लावा आणि शेवटच्या रांगेत बसून त्या स्पष्ट ऐकू येतील इतका आवाज ठेवा. मग स्फोट तपासा. उलट केलं की संवाद पुटपुटल्यासारखे येतात आणि निम्मे प्रेक्षक गोष्टीतून बाहेर पडतात. सुरुवातीच्या स्फोटानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखा बारीक, उंच सूर येतो. तो मुद्दाम ठेवला आहे, हे यंत्र सांभाळणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. नाहीतर तो वायरी हलवायला धावतो. पुढे थिओची पूर्वीची जोडीदार ज्युलियन त्याला सांगते, की हा आवाज म्हणजे कानातल्या पेशी मरताना येणारा सूर, आणि तो सूर पुन्हा कधी ऐकू येणार नाही. हा संवाद कळायचा तर आधीचा सूर नीट ऐकू आलेला असायलाच हवा.

चित्र करडं आहे आणि शेवटचा प्रसंग धुक्यातला आहे. प्रोजेक्टर भडक रंगांच्या सेटिंगवर असेल तर ते बदला. दाराखालून, पडद्याआडून येणारा उजेड बंद करा, कारण धुक्यातलं जहाज दिसलं नाही तर शेवटावरची सगळी चर्चा फुकट जाते.

सबटायटल इंग्रजी ठेवा. छावणीत अनेक भाषा कानावर येतात आणि मारीच्का नावाची बाई बोलते त्याचा अनुवाद दिलेला नाही. न कळणं हा तिथल्या अनुभवाचाच भाग आहे, तेव्हा गोंधळून शेजाऱ्याला विचारू नका, एवढं आधी सांगितलेलं बरं.

प्रास्ताविक छोटं ठेवा. पी. डी. जेम्स यांच्या १९९२ सालच्या कादंबरीवर आधारित, काळ २०२७, अठरा वर्षांत जगात मूल जन्मलेलं नाही, ब्रिटनने दारं लावून घेतली आहेत आणि निर्वासितांना पकडून छावण्यांत टाकलं जातंय. एवढं पुरे. लांबलचक टेकबद्दल, म्हणजे न तोडता सलग दिसणाऱ्या चित्रणाबद्दल, आधी अवाक्षर काढू नका. सांगितलंत की लोक सेकंद मोजत बसतात.

एक सूचना मात्र स्पष्ट द्यायची: चित्रपटात हिंसा आहे, बाळंतपण आहे, मूल गमावलेले आईबाप आहेत आणि आत्महत्येसाठी सरकारने दिलेलं औषधही आहे. प्रेक्षकांत मुलासाठी वर्षानुवर्षं दवाखान्याच्या पायऱ्या चढणारं जोडपं असू शकतं, हे आयोजकाने कायम ध्यानात ठेवावं. चर्चेत 'वांझ' हा शब्द पटकन तोंडी येतो. तुम्ही स्वतः "मूल न होणं" म्हणत राहा, लोकही वळतात.

शेवटची दोन मिनिटं

सगळ्यात जास्त खेळ इथे बिघडतात. धुक्यातून जहाज जवळ येतं, पडदा काळा होतो, नाव झळकतं आणि स्वयंसेवक दिवे लावतो. पण त्याच काळ्या पडद्यावर मुलांच्या हसण्याखिदळण्याचे आवाज येतात. अख्ख्या चित्रपटात जे ऐकू आलेलं नसतं ते इथे येतं, आणि खुर्च्यांच्या खडखडाटात ते बुडतं. श्रेयनामावली पूर्ण होईपर्यंत दिवे बंद, दार बंद. अखेरीस 'शांतिः शांतिः शांतिः' हे शब्द येतात. जॅस्परच्या तोंडीही 'शांती' येऊन गेलेलं असतं. आपल्या प्रेक्षकांसाठी हा शब्द पूजेच्या शेवटी रोज कानावर पडणारा. तो पाहून कोणाला आपलेपणा वाटतो, कोणाला तो तिथे उपरा वाटतो. दोन्ही प्रतिक्रिया मौल्यवान आहेत, पण शब्द वाचायला मिळाला तरच त्या येतील.

चिठ्ठ्या

ए-४ कागदाचे चार तुकडे करा. पन्नास माणसांना तेरा कागद पुरतात. पेन्सिली आधीच खुर्च्यांवर ठेवा, नंतर वाटल्या तर गडबड होते. प्रत्येक चिठ्ठीवर तीनच प्रश्न: डोळ्यांसमोरून न जाणारं एक दृश्य, ऐकू आलेला एक आवाज, न कळलेली एक गोष्ट. नाव लिहायचं नाही. सात मिनिटं कोणी बोलायचं नाही. मोठ्याने बोलणारे चार जण आणि गप्प बसणारे चाळीस जण यांच्यात इथे समानता येते, म्हणून ही सात मिनिटं वाचवू नका.

मग गोळा करून दहा-बारा चिठ्ठ्या वाचा. क्रम लावू नका, पण 'न कळलेली गोष्ट' एका बाजूला काढा. चर्चा तिथूनच पेटते.

नेहमी येणाऱ्या प्रतिक्रिया आणि त्यांचं काय करायचं

"मुलं का होत नाहीत ते सांगितलंच नाही." ही तक्रार हमखास येते. उत्तर देऊ नका. चित्रपट खरंच कारण सांगत नाही. कादंबरीत दोष पुरुषांकडे आहे, चित्रपटात बायकांना मूल होत नाही, एवढी माहिती द्या आणि विचारा, कारण कळलं असतं तर थिओचं वागणं बदललं असतं का? कोणीतरी लगेच आठवण करून देतं, की थिओ आणि ज्युलियनचा मुलगा २००८ सालच्या फ्लूच्या साथीत गेलेला असतो. २०२० नंतर ही ओळ ऐकताना अंगावर काटा येतो. इथे कोणी स्वतःच्या घरातलं बोलू लागलं तर घड्याळ पाहू नका.

"हे तर आजच चाललंय." बरोबर आहे, पण एवढ्यावर सोडू नका. कुठल्या चौकटीत दिसलं ते विचारा. बस बेक्सहिलमध्ये शिरते तेव्हा खिडकीबाहेर डोक्यावर काळी पिशवी घालून हात पसरलेला कैदी दिसतो, इराकमधल्या अबू घ्रैब तुरुंगातल्या छायाचित्राची थेट आठवण देणारा. म्हणजे २००६ सालीही चित्रपट 'आज'बद्दलच बोलत होता. तेव्हा मात्र तिकीटबारीवर तो पडला. सुमारे ७.६ कोटी डॉलर खर्च झाले आणि जगभरात ७ कोटींच्या आसपास आले. पुढे युरोपातली निर्वासितांची लाट आणि युरोपीय संघ सोडण्याबद्दलचं ब्रिटनचं सार्वमत पाहिल्यावर लोक त्याच्याकडे परत वळले. २०१६ साली बीबीसीने समीक्षकांकडून एकविसाव्या शतकातले शंभर उत्तम चित्रपट निवडून घेतले, त्यात हा तेरावा आला. हा प्रवास सांगितला की प्रेक्षकाला आपल्या प्रतिक्रियेचं वय कळतं.

महाराष्ट्रात याच वळणावर 'परप्रांतीय' हा शब्द येणार. त्याला घाबरू नका आणि बोलणाऱ्याला गप्पही करू नका. पण पाच मिनिटांत निवडणुकीचं भाषण होतं, तेव्हा एकच प्रश्न ठेवा: स्टेशनवरच्या पिंजऱ्यात जर्मन बोलणारी म्हातारी आहे, ती कोणासाठी परकी? यानंतर चर्चा पडद्यावर परतते. लंडनमधल्या मराठी प्रेक्षकांत याचा सूर वेगळा लागतो. सुरुवातीचा स्फोट होतो ती फ्लीट स्ट्रीट त्यांच्या रोजच्या रस्त्यातली, बेक्सहिल म्हणजे ईस्ट ससेक्समधलं शांत समुद्रकिनाऱ्याचं गाव, आणि व्हिसाची रांग स्वतः उभं राहून पाहिलेली. तिथे आधी त्यांनाच बोलू द्या.

"कॅमेरा!" ही प्रतिक्रिया देणारा बहुधा अभ्यासू असतो आणि दहा मिनिटं घेतो. त्याला नेमकी माहिती द्या, म्हणजे कौतुक पुढे सरकतं. गाडीवरच्या हल्ल्याचा सुमारे चार मिनिटांचा टेक दिसायला अखंड असला, तरी तो तुकड्यांत चित्रित करून संगणकावर बेमालूम जोडला आहे. छावणीतला सहा मिनिटांहून मोठा टेकही तसाच. त्यात भिंगावर रक्ताचे थेंब उडतात आणि काही वेळाने ते नाहीसे होतात. ते कधी नाहीसे झाले हे कोणाला कळलं का, विचारा. जवळजवळ कोणालाच कळत नाही. मग खरा प्रश्न: काटछाट नसल्यामुळे तुम्ही कुठे अडकलात? गाडीत सहाव्या सीटवर बसल्यासारखं वाटलं का? छायाचित्रकार इमॅन्युएल लुबेझ्कीचं कसब आणि प्रेक्षकाची घुसमट यांची सांगड इथे लागते.

"सैनिक थांबले तिथे रडू आलं." जिन्यावरून 'की' नावाच्या तरुण निर्वासित आईचं बाळ रडत खाली येतं, बंदुका थांबतात, कोणी गुडघे टेकतं. ख्रिस्ती प्रेक्षकाला गोठ्यातला येशू आठवतो. गरोदर 'की' आपलं पोट थिओला गोठ्यातच दाखवते, त्यामुळे तो धागा आहेच. मराठी घरात मात्र आधी वसुदेव आठवतो: पहारेकरी निपचित, बाळ छातीशी, पुढे पाणी. हे साम्य कोणी मांडलं तर आनंदाने फळ्यावर लिहा, आणि शेजारी फरकही लिहायला सांगा. इथे पहारेकरी झोपलेले नाहीत, डोळे उघडे ठेवून बाजूला होतात. आणि काही क्षणांत गोळीबार पुन्हा सुरू होतो. या दुसऱ्या वाक्यावर खोली शांत होते. ती शांतता भरून काढायची घाई करू नका.

शेवटावर दोन तट पडतात. थिओ नावेत मरतो, 'टुमॉरो' नावाचं जहाज येतं. वाचले की नाही? हात वर करून मतदान घेऊ नका, त्याने माणसं आपापल्या बाजूला चिकटतात. त्याऐवजी शब्द विचारा: जे वाटलं ती आशा, भाबडी आशा, की उमेद? आशा दुसऱ्याकडून असते, उमेद स्वतःच्या अंगात असते, असा फरक ज्येष्ठ मंडळी सहज करून देतात, आणि मग थिओबद्दल नेमकं बोलणं सुरू होतं. तो एकदाही बंदूक हातात घेत नाही. चपलांवर, रक्ताळलेल्या पायांनी चालत राहतो. कुत्री-मांजरं त्याच्याकडे ओढली जातात. हे तीन तपशील कोणाच्या चिठ्ठीत असतील तर याच वेळेसाठी राखून ठेवा.

पुन्हा पाहण्याचे तुकडे

वेळ उरला तर एकच तुकडा परत दाखवा, दोन नाहीत. आमची पसंती बॅटरसी पॉवर स्टेशनमधल्या कलासंग्रहाच्या प्रसंगाला. थिओ जेवत असतो आणि मागे भिंतभर पिकासोचं 'गेर्निका' हे युद्धावरचं चित्र टांगलेलं असतं. मायकेलअँजेलोच्या डेव्हिड या पुतळ्याचा एक पाय मोडका, धातूच्या आधारावर. आवाज बंद करून दाखवा आणि एवढंच विचारा, की हे सगळं कोणासाठी वाचवून ठेवलंय? तीन-चार मिनिटांच्या या तुकड्यावर तरुण प्रेक्षक जितकं बोलतात तितकं युद्धाच्या प्रसंगावर बोलत नाहीत.

चिठ्ठ्या फेकू नका. तारीख घालून लिफाफ्यात ठेवा. चित्रपटाची गोष्ट १६ नोव्हेंबर २०२७ ला सुरू होते. त्या दिवशी मंगळवार आहे, म्हणजे संध्याकाळी साडेसहाच्या आत खेळ लावता येणार नाही आणि चर्चेला अर्धाच तास उरेल. सभागृह आधीच राखून ठेवा, जुन्या चिठ्ठ्यांतल्या पाच निवडून ठेवा आणि नव्या लिहून झाल्या की त्यांच्या शेजारी वाचा.