आईला न कळता बड्डे ट्रिप ठरवायची कशी (खास बेळगावकरांसाठी)

सगळ्यात पहिलं म्हणजे सगळंच लपवायला जाऊ नका, आपल्याकडच्या घरात ते होतच नाही. डोळ्याला पट्टी बांधून गाडीत बसवायचं वगैरे रीलमध्ये बरं दिसतंय, पण इथं तसं केलं तर पहिला प्रश्न येणार गॅस बंद केलास काय, दुसरा माझी बीपीची गोळी घेतलीस काय, आणि तिसऱ्याला आई सरळ सोफ्यावर बसणार, कुठं जायचंय सांगितल्याशिवाय मी उंबऱ्याबाहेर पाय टाकत नाही म्हणून. त्यामुळं एकच गोष्ट लपवायची. जायचंय हे सांगा, दिवस सांगा, किती वाजता निघायचं तेही सांगा, फक्त तिथं कोण भेटणार ते सांगू नका. मला विचाराल तर माणूस लपवलेलं सगळ्यात भारी, कारण जागा बघून आई "बरं हाय की" एवढंच म्हणते, पण गोव्याची धाकटी बहीण अचानक समोर दिसली की मग बोलायलाच नको.

आता तारीख. हे वाटतंय तेवढं सोपं नाही. आपल्याकडं जुन्या पिढीतल्या निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला असतोय, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख लिहून टाकली. आधारवर तीच, पेन्शनच्या कागदावर तीच, पण खरी तारीख विचारली तर आजी सांगणार "पंचमी झाली आणि तिसऱ्या दिवशी झाली ही". तेव्हा आधी मावशीला नाहीतर मामाला फोन करून खरं काय ते काढून घ्या. तिथी मिळाली तर तिथीनंच करा, त्यात एक फायदा पण आहे, आधारवरच्या तारखेला ती थोडी तरी सावध असते, तिथीला अजिबात नसते. साठी असेल तर षष्ट्यब्दी शांत करायची की नाही हे आधी आप्पांशी बोलून ठरवा, शांत असली की भटजी, मुहूर्त, पाहुणे सगळंच आलं आणि ते काही लपून राहत नाही. मग शांत उघडपणे घरी करायची आणि ट्रिप त्याच्या पुढच्या आठवड्यात ठेवायची. पंचाहत्तरी आणि सहस्रचंद्रदर्शनाला तर लांबचा प्रवास नकोच, लोकांनाच घरी बोलवा.

तारीख ठरली की भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसा. एकादशी, संकष्टी, सोमवार, गुरुवार, आईचा जो काय उपवास असेल तो बघा, नाहीतर सगळे पुलाव खाणार आणि जिच्यासाठी गेलो ती शेंगदाण्याचा लाडू खाऊन बसणार. दुसरं, जे बाहेरच्या माणसाला सुचणारच नाही, ते म्हणजे नळाचं पाणी. ज्यांच्या भागात २४ तास पाणी आहे ते नशीबवान, बाकीच्यांकडं पाणी यायचा दिवस असला की देव जरी न्यायला आला तरी घरची बाई हलत नाही. तेव्हा पाण्याची पाळी कधी आहे ते व्हॉल्व्हवाल्याकडून नीट काढून घ्या, आणि तरी तोच दिवस आला तर पाणी भरायला कोण थांबणार ते आधी ठरवून ठेवा. तिसरं म्हणजे गावातलं वातावरण. डिसेंबरात सुवर्णसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन असलं की लॉज, गाड्या सगळं फुल्ल असतंय, पुण्याचे पाहुणे उतरवायचे कुठं हा प्रश्न पडतो. १ नोव्हेंबरला, म्हणजे राज्योत्सव आणि काळा दिवस एकाच दिवशी, तर गावातून गाडी बाहेर काढायच्या भानगडीत पडू नका. आणि मधेच कधी सीमेवरून तापलं की इकडची बस तिकडं जात नाही आणि तिकडची एसटी इकडं येत नाही, त्यामुळं कोल्हापूरचे लोक एसटीच्या भरवशावर असतील तर त्यांना रेल्वेचा नाहीतर गाडीचा दुसरा पर्याय हाताशी ठेवायला सांगा.

बातमी फुटते कुठनं? तर नव्वद टक्के वेळा लहान पोरांकडनं आणि उरलेली लांबच्या काकूंकडनं. आठ-दहा वर्षांच्या आतल्या पोरांना काही म्हणजे काही सांगू नका, ते आजीच्या मांडीवर बसून "आजी तुला एक सांगायचं नाहीये" असं म्हणूनच सांगून टाकतंय. व्हॉट्सअॅप ग्रुप केला तर त्याला "आईचा ६०" असलं नाव देऊ नका, "लाईट बिल" ठेवा, कोण उघडून बघत नाही. पैशाचं पण बघा, आप्पांच्या आणि तुमच्या जॉइंट खात्यातनं अॅडव्हान्स दिला की मेसेज थेट आप्पांच्या फोनवर टिंग करून जातो आणि आप्पा तो जेवताना मोठ्यानं वाचतात. शेजारच्या एकाच काकूंना विश्वासात घ्या, ज्यांच्याकडं आपल्या घराची चावी असते त्या. बाकी गल्लीला कशाला.

जागेचा विचार करताना आपल्याला काय आवडतंय ते बाजूला ठेवा. पोरांना गोवा म्हटलं की बीच पाहिजे, आईला मंगेशी आणि शांतादुर्गा पाहिजे, आणि बड्डे तिचा आहे. मी तर म्हणते सगळ्यांचे भाऊबहीण तीन दिशांना पसरलेले असतील तर डोळे झाकून आंबोली धरा. आपण चंदगडवरून जातो, पुण्या-कोल्हापूरचे लोक संकेश्वर किंवा निपाणीवरून गडहिंग्लज-आजऱ्याच्या रस्त्यानं येतात, आणि गोव्याचे सावंतवाडीकडनं घाट चढून वर येतात, म्हणजे तिन्ही बाजूचे मधे भेटतात आणि कुणालाच फार लांब पडत नाही. मोठा धबधबा रस्त्याला लागूनच आहे, गुडघे दुखणाऱ्यांना गाडीतनं पण दिसतोय. हिरण्यकेशीचा उगम आहे तिथं, देऊळ आहे, शांत जागा. तिथलं पाणी पुढं संकेश्वरवरून येऊन घटप्रभेला मिळतं आणि शेवटी गोकाकच्या धबधब्यावरून पडतं, हे आप्पांना सांगा, त्यांचा पुढचा अर्धा तास त्याच्यावरच जातो आणि तेवढ्यात तुमची बाकीची तयारी होते. फक्त जुलै-ऑगस्टमधला शनिवार-रविवार टाळा, तेव्हा तिथं माणसांचा धबधबा असतोय आणि ओले, शर्ट काढलेले लोक रस्त्यात नाचत असतात, आईला ते अजिबात चालत नाही. मंगळवार-बुधवारी जा, धुकं पण मिळतं आणि गरम भजी पण.

गोकाक पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या महिन्यात बघण्यासारखं, घटप्रभा तिथं साधारण ५२ मीटरवरनं खाली येते, आवाज लांबनं ऐकू येतो. झुलता पूल आहे पण तो चालू असेलच असं धरून जाऊ नका, आणि उन्हाळ्यात तर जाऊच नका, नुसता खडक दिसतो. येताना करदंट, म्हणजे तिथली डिंक-सुक्यामेव्याची मिठाई, घ्यायचा, ते सांगायला नको.

थंडीत मात्र मी हलशीला मत देईन. खानापूरवरून नंदगडच्या बाजूला, बेळगावपासून साधारण ४० किलोमीटर, भूवराह नरसिंहाचं कदंबांच्या काळातलं १२व्या शतकातलं देऊळ. आत दोन गाभारे समोरासमोर आहेत, एका बाजूला नरसिंह आणि दुसऱ्या बाजूला वराह, म्हणजे मधल्या मंडपात उभं राहिलं की दोन्हीकडं दर्शन. गर्दी नसते, फार चढायचं नाही, सावली आहे, आणि मंडपात म्हाताऱ्या माणसांना निवांत बसता येतं. वाटेत नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे, शाळकरी पोरं असतील तर तिथं उतरा. अगदी अर्ध्या दिवसाचंच जमत असेल तर येळ्ळूरचा राजहंसगड, गाडी वरपर्यंत जाते, संध्याकाळी वारा छान असतो, शाल घ्या. सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जायचं असेल तर पौर्णिमा, मंगळवार, शुक्रवार सोडून. आणि खानापूर-जांबोटीच्या जंगलातले धबधबे वगैरे पोरांसाठी ठीक, पावसाळ्यात वनखातं बऱ्याचदा रस्ताच बंद करतंय, शिवाय कणकुंबीच्या बाजूला फोनला रेंज गेली की मागची गाडी कुठं राहिली ते कळत नाही. फॅमिलीला घेऊन तिकडं नकोच.

अजून एक जागा आहे जी कुणाच्या लिस्टमध्ये नसते. आईचं माहेर. लग्नाला चाळीस वर्षं झाली, भाऊ शहरात गेले, घर बंद किंवा विकलेलं, पण गावातलं देऊळ, विहीर, शाळा तिथंच असते. गावात एखादी जुनी मैत्रीण अजून राहत असेल तर तिला आधी फोन करून ठेवा. याच्याइतकं स्वस्त आणि याच्याइतकं चालणारं सरप्राइज दुसरं नाही, आणि डेकोरेशनचा एक फुगा पण लागत नाही.

गाडीचं सांगते. दहा-बारा लोक असतील तर क्रूझर किंवा टेम्पो ट्रॅव्हलर करा, पण पिवळ्या पाटीचीच. ओळखीच्याची पांढऱ्या पाटीची गाडी भाड्यानं घेतली की बॉर्डरवर अडकायची सोय झाली म्हणून समजा. महाराष्ट्रात किंवा गोव्यात शिरणार असाल तर परमिट आणि टॅक्स कोण भरणार हे ड्रायव्हरशी आधीच बोलून घ्या, वाटेत त्यावरनं वाद झाला की पाहुण्यांसमोर लाज जाते. राज्यातल्या राज्यात जायचं, लोक कमी आहेत आणि खर्च वाचवायचा असेल तर लाल बस काय वाईट नाही, २०२३च्या जूनपासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसमध्ये तिकीट शून्य आहे, आधार बरोबर ठेवा. पण कोल्हापूरच्या मावशीला पैसे पडणार आणि राज्याबाहेर जाणाऱ्या बसला ही सवलत नाही, म्हणजे हलशी, गोकाक, सौंदत्तीला चालतंय, आंबोलीला नाही.

भेट घडवून आणायची तेव्हा पाहुणे आपल्या आधी अर्धा-पाऊण तास पोचलेले पाहिजेत, उशिरा नाही. आणि प्लीज, झाडामागनं ओरडत अंगावर यायचं नाही. साठीच्या बाईला बीपी असतो. हॉटेलात एका टेबलावर पाठ करून बसा, आईला शेजारच्या टेबलावर बसवा, चहा येऊ दे, आणि मग बहिणीनं मागं वळून नुसतं विचारायचं, "साखर कमी घालायला सांगितलंस काय ग?" बस्स. व्हिडिओ काढणाऱ्यानं समोर उभं राहायचं नाही, कडेला बसून मोबाईल ग्लासाला टेकवून ठेवायचा, कारण समोर कॅमेरा दिसला की आई आधी पदर नीट करते आणि मग रडू आवरते.

केकपेक्षा औक्षण महत्त्वाचं. एका डब्यात निरांजन, तुपात भिजवलेल्या वाती, काडेपेटी, कुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी असं आदल्या रात्रीच भरून ठेवा. उघड्यावर वाऱ्यानं निरांजन टिकत नाही, म्हणून देवळाच्या मंडपात पुजाऱ्यांना विचारून करा. केक पाहिजेच असेल तर एगलेस आणि छोटा. नाहीतर खरं सांगू, मांडे सांगा. खापरावर भाजलेले, आत पिठीसाखर आणि खसखस, घडी घातलेले ते मांडे बघून केकची आठवण पण येत नाही कुणाला. फक्त ते आधी ऑर्डर देऊन करून घ्यावे लागतात, वेळेवर मागितले तर मनातले मांडे मनातच, आणि गाडीत डबा डिकीत नाही टाकायचा, कुणीतरी मांडीवर घेऊन बसायचं, नाहीतर पोचेपर्यंत निम्मा चुरा. पाहुण्यांना परत जाताना द्यायला आपला बेळगावचा खव्याचा कुंदा आहेच, निघायच्या दिवशीच ताजा घ्या म्हणजे पुण्यात पोचेपर्यंत चांगला राहतो.

साडी घेणार असाल तर नुसती साडी देऊन उपयोग नाही, ती त्या दिवशी नेसता आली पाहिजे. फॉल-पिको आधी करून घ्या, ब्लाउज शिवून ठेवा. मापासाठी कपाटातला ब्लाउज काढलात तर दुसऱ्या दिवशी शोधाशोध सुरू होते, इस्त्रीला जायच्या गठ्ठ्यातला एक हळूच काढून टेलरकडं द्या आणि दोन दिवसात परत ठेवा. टेलरला सांगा बाही आईच्या पद्धतीची, फॅशन नको.

निघताना पाण्याच्या बाटल्या, गोळ्या, उलटीसाठी आवळासुपारी आणि एक जुना टॉवेल. ड्रायव्हरच्या जेवणाचं विसरू नका. परतताना घाटातनं अंधार पडायच्या आत बाहेर पडायचं, आंबोली असो की चोर्ला, धुक्यात आणि पावसात ट्रकच्या मागं रांगत यायला लागतं आणि सगळी मजा तिथंच उतरते. खर्चाचा हिशोब त्याच रात्री ग्रुपवर टाका, आई झोपल्यावर, आणि जावयाकडनं पैसे घ्यायचे की नाही हे ताईनंच ठरवायचं, त्यात आपण पडायचं नाही.