कोव्हमधली एलईडी पट्टी शेवटी मंद पडू नये म्हणून

फॉल्स सीलिंगच्या कोव्हमध्ये, म्हणजे कडेने उजेडासाठी ठेवलेल्या खाचेत, पट्टी लावली की पहिल्या कोपऱ्यात लख्ख उजेड आणि शेवटच्या कोपऱ्यात पिवळट अंधार, ही तक्रार नेहमीची. दोष बहुतेकदा पट्टीचा नसतो. एकाच टोकाने वीज देऊन ती फार लांब नेलेली असते.

१. १२ व्होल्टची पट्टी एका सलग तुकड्यात ५ मीटरपेक्षा जास्त नेऊ नका. हॉलसाठी शक्यतो २४ व्होल्टचीच घ्या, ती साधारण १० मीटरपर्यंत चालते.

२. ड्रायव्हरचा (घरची वीज पट्टीला लागणाऱ्या १२ किंवा २४ व्होल्टवर आणणारा डबा) हिशोब: १२ बाय १० फुटांच्या खोलीचा घेर ४४ फूट, म्हणजे सुमारे १३.५ मीटर. मीटरला १० वॅट धरले तर १३५ वॅट. त्यावर २० टक्के जादा, म्हणजे १६० च्या आसपास. १०० वॅटचे दोन ड्रायव्हर घेऊन निम्मी निम्मी पट्टी जोडा. नेमका १३५ चा घेतला तर तो तापतो आणि लवकर जातो.

३. सगळे रोल एकाच बॅचचे घ्या. दोन वेगळ्या बॅचच्या रोलवर ३००० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) असं एकच लिहिलेलं असलं तरी रंगात फरक पडतो, आणि पांढऱ्या छतावर तो लगेच दिसतो.

४. पट्टी कात्रीच्या खुणेवरच कापा. ॲल्युमिनियम प्रोफाइलमध्ये बसवली तर उष्णता निघून जाते. नुसत्या पीओपीवर चिकटवलेली धुळीने सुटून लोंबते.

ड्रायव्हर पीओपीत कायमचा बुजवू देऊ नका. पट्टीच्या आधी तोच जातो, आणि मग छत फोडावं लागतं. हात पोचेल अशी झडप ठेवायला सुताराला आधीच सांगा.