जँगोत दोन क्वेरींचं युनियन करताना रकाने कसे जुळवावेत

जँगो (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) वापरून लिहिलेल्या गृहनिर्माण सोसायटीच्या हिशेबाचं उदाहरण घेऊ. पावत्या एका मॉडेलमध्ये (म्हणजे डेटाबेसच्या एका तक्त्यात), खर्च दुसऱ्यात. रोजकीर्दीत दोन्ही एकत्र हवेत, म्हणून युनियन, म्हणजे दोन क्वेरींच्या ओळी एकाखाली एक जोडणं. पण एसक्यूएल (डेटाबेसची भाषा) रकाने नावावरून जुळवत नाही, क्रमावरून जुळवतं. सगळा घोळ इथेच होतो.

१. कोडला हात लावण्याआधी क्रम ठरवा. आपला क्रम: तारीख, रक्कम, नाव, प्रकार.

२. दोन्ही क्वेरींत हे चारही रकाने ॲनोटेटने (क्वेरीत नवा रकाना जोडणारी मेथड) तयार करा, त्याच क्रमाने आणि त्याच नावांनी. मॉडेलमधल्या फील्डचंच नाव पुन्हा दिलं तर जँगो एरर देतो, म्हणून वेगळी नावं घ्या. जे फील्ड सरळ मिळतं तेही एफ एक्स्प्रेशनमधून (F(), फील्डचा नावाने संदर्भ) आणा. मग व्हॅल्यूज-लिस्टमध्ये (कुठले रकाने हवेत ते सांगणारी मेथड) हेच चार रकाने त्याच क्रमाने लिहा.

एवढा खटाटोप कशाला? जँगो ५.२ च्या आधी व्हॅल्यूज-लिस्टमध्ये लिहिलेला क्रम एसक्यूएलच्या सिलेक्टमध्ये टिकेलच असं नव्हतं. मॉडेलची फील्ड्स आधी येत, ॲनोटेशन्स मागून. समजा पावतीची रक्कम साधं फील्ड आहे, आणि खर्चाची रक्कम उणे करायची म्हणून ॲनोटेशन. मग खर्चाच्या ओळीत रकमेच्या जागी दुकानदाराचं नाव येऊन बसतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस रकान्यांचे डेटाप्रकार जुळत नाहीत म्हणून तिथेच अडवतो. एसक्यूलाइट हा डेटाबेस मात्र मुकाट्याने चालवून घेतो. आणि आकड्यांच्या दोन रकान्यांची अदलाबदल झाली, तर पोस्टग्रेसलाही कळत नाही. २०२५ मध्ये आलेल्या ५.२ ने लिहिलेला क्रम पाळायला सुरुवात केली, पण जुन्या आवृत्तीवरचे प्रकल्प अजून भरपूर आहेत.

३. एखादा रकाना एकाच बाजूला असेल, तर दुसरीकडे व्हॅल्यूमध्ये नन (None, म्हणजे रिकामी किंमत) द्या आणि आउटपुट-फील्ड (रकान्याचा डेटाप्रकार) न विसरता लिहा.

४. फिल्टर युनियनच्या आधी लावा, नंतर चालत नाही. ऑर्डर-बाय नंतर चालतो, पण पहिल्या क्वेरीतल्या नावांनी.

५. युनियनला ऑल ट्रू (all=True) द्या. हिशेबात हे अत्यावश्यक मानतो. नुसतं युनियन हुबेहूब सारख्या ओळींतली एकच ठेवतं. एकाच सभासदाने एकाच दिवशी सारख्याच रकमेचे दोन हप्ते भरले, तर त्यातला एक गायब होतो आणि एररही येत नाही.

६. शेवटी क्वेरी प्रिंट करून दोन्ही सिलेक्ट एकाखाली एक ठेवून वाचा. टेस्ट त्याच डेटाबेसवर चालवा जो प्रत्यक्ष वापरात आहे, आणि त्यात प्रत्येक रकान्याला वेगळी, चटकन ओळखू येईल अशी किंमत द्या.