शिडाच्या होडीची शर्यत: नव्यांनी या चुका टाळा

कोल्हापुरात समुद्र नाही, त्यामुळे सेलिंगचं वेड लागलेल्यांना शर्यतीसाठी सुट्टी काढून मुंबई नाहीतर हैदराबाद गाठावं लागतं. पण समुद्र नाही म्हणून कुणी हरत नाही. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए ४ (एकटीनं चालवायची लहान होडी) गटात रौप्यपदक जिंकणारी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावावर शिकली. आपण हरतो, कारण आपली नजर दोरांवर आणि सुकाणूवर खिळलेली असते. पाण्याकडे बघायचं राहून जातं.

हैदराबादच्या हुसेनसागर तलावावर माझ्या पहिल्या शर्यतीत मी सुरुवातीलाच हरलो. भोंगा ऐकून घड्याळ लावलं, तिथंच चुकलं. वेळ झेंड्यावरून धरायची असते, आवाजावरून नाही. पाच मिनिटं आधी गटाचा झेंडा चढतो, चार मिनिटं उरली की तयारीचा. एक मिनिट राहिलं की तयारीचा उतरतो आणि शून्याला गटाचा. ही पाच मिनिटं म्हणजे कुस्तीतली खडाखडी. अजून कुणी कुणाला धरलेलं नसतं, पण कुस्ती कुठं वळणार ते इथंच ठरत असतं. एवढ्या वेळात एकदा सुरुवातीच्या रेषेच्या मध्यावर होडीचं नाक थेट वाऱ्यात धरा आणि शीड मोकळं फडफडू द्या. नाक ज्या टोकाकडे झुकेल ते टोक वाऱ्याला जवळ, तिथून सुटणाऱ्याला कमी अंतर पडतं. रेषेची दोन्ही टोकं एका ओळीत धरून पलीकडच्या काठावरचं एखादं झाड किंवा इमारत हेरून ठेवा. म्हणजे गर्दीतसुद्धा आपण रेषेच्या अलीकडे की पलीकडे ते कळतं. आधीच ओलांडली असेल तर पूर्ण मागे या, आणि येताना इतरांना वाट द्या. न परतणाऱ्याला मालिकेत उतरलेल्या एकूण होड्यांपेक्षा एक गुण जास्त लागतो, आणि या खेळात कमी गुणवाला जिंकतो.

दुसरी चूक तर जवळपास प्रत्येक नवा खेळाडू करतो. वरचा मार्क (वारा येतो त्या बाजूची, वळसा घालायची खूण) लवकर गाठायच्या हव्यासानं नाक वाऱ्यात फार घुसवायचं. होडी बरोबर दिशेला बघत असते, पण चालत नसते. शिडावरचे लोकरीचे धागे बघा. वाऱ्याकडचा धागा फडफडू लागला तर नाक थोडं खाली, म्हणजे वाऱ्यापासून दूर पाडा. पलीकडचा फडफडला तर नाक वर घ्या किंवा शीट, म्हणजे शीड ओढायची दोरी, ढिली करा. आधी वेग, मग कोन.

सुकाणू हाताला जोरात ओढत असेल तर त्याच्याशी झगडू नका. होडी कलली आहे, एवढाच त्याचा अर्थ. बाहेर झुका, शीट सोडा, होडी सपाट करा. तिरकं धरलेलं सुकाणू ब्रेकचं काम करतं.

वारा वाचायचा सराव मात्र घरच्या घरी होतो. संध्याकाळी रंकाळ्याच्या काठावर पंधरा मिनिटं बसा. पाण्यावर गडद सुरकुत्यांचा पट्टा सरकताना दिसेल, तो वाऱ्याचा झोत. तो काठाला कधी पोचेल याचा अंदाज करा, मनात सेकंद मोजा. गालाला वारा लागला की अंदाज किती चुकला ते कळतं. महिनाभर हे केलं तर शर्यतीत झोत आपल्यावर येऊन आदळण्याआधीच तुमचा हात शीटवर असेल.

नियमांचं थोडक्यात: समोरून येणारी होडी स्टारबोर्ड टॅकवर (वारा उजव्या बाजूनं) आणि तुम्ही पोर्टवर (वारा डाव्या बाजूनं) असाल तर बाजूला तुम्हीच व्हायचं. चूक झाली तर हुज्जत न घालता लगेच इतरांपासून दूर होऊन होडी गोल फिरवत दोन फेऱ्या घ्या. मार्कला नुसता धक्का लागला असेल तर एकच फेरी.

होडी उलटली तर ती सोडून पोहत काठाकडे निघू नका. लाइफ जॅकेट अंगात असतंच. आधी शीट मोकळी करा, नाक वाऱ्याकडे वळवा, मग सेंटरबोर्डवर, म्हणजे होडीच्या तळातून निघणाऱ्या फळीवर, वजन टाका. शीट अडकलेली राहिली तर होडी सरळ होताच शीड पुन्हा वारा धरतं आणि ती दुसऱ्यांदा आडवी होते. दमलेल्या माणसाला ती दुसरी खेप फार जड जाते.