सांगलीच्या पिनकोडचे अवयव पाडताय? या चुका टाळा

परवा कुरियरवर पत्ता लिहीत बसलो होतो, शेजारी आठवीतली भाची मोबाईल घेऊन, म्हटलं ठेव तो आणि आपल्या पिनकोडचे मूळ अवयव पाड बघू. ४१६४१६. तिनं पाच वेळा २ नं भागलं, १३०१३ आलं, ते ३ नं जाईना ५ नं जाईना, म्हणाली मामा ही मूळ संख्या आहे, संपलं.

नाही संपलं, इथंच बरेच जण फसतात. ११४ चा वर्ग १२९९६, म्हणजे १३०१३ मूळ आहे म्हणायचं तर ११३ पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या तपासायला लागतात. इथं तर ७ लाच काम होतंय, ७ × १८५९, आणि १८५९ म्हणजे ११ × १३ × १३.

खरं तर एवढं पण करायला नको. ४१६ दोनदा लिहिलंय म्हणजे ४१६ × १००१, आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३. आपण ४,१६,४१६ असा स्वल्पविराम देतो ना, त्यामुळं ही जोडी दिसतच नाही. पण ट्रिक लावली की दुसरी चूक होते, ४१६ मध्ये पण एक १३ लपलाय (३२ × १३) तो राहून जातो.

आणि ट्रिक तीनदा लिहिलेल्या आकड्याला लावू नका. ४१६४१६४१६ म्हणजे ४१६ × १००१००१, आणि १००१००१ ला ७, ११, १३ कशानंही भागा, बाकी १ उरतेच. पूर्ण आकडा १३ नं जातो, पण तो त्या लपलेल्या १३ मुळं.

आता परत पिनकोड, ४१६४१६ चे विभाजक किती? २, ७, ११, १३ चे घातांक (कोण किती वेळा येतो ते) ५, १, १, २. भाचीनं सरळ गुणले, १० म्हणाली. प्रत्येकात आधी १ मिळवायचा, कारण २ पाच वेळा घेता येतो तसा अजिबात न घेणं हा पण एक पर्याय आहेच की. ६ × २ × २ × ३ = ७२.

शेवटी ६ आहे म्हणून पूर्ण वर्ग समजू नका. २, ७, ११ जोडीशिवाय उरतात. त्यांच्या गुणाकारानं, १५४ नं भागा, २७०४ येतं, तो ५२ चा वर्ग.

एक्सेलवर तर मी स्वतः आपटलोय. ४१६ सहा वेळा टाकलं, १८ अंक, त्यानं पंधरा अंक ठेवले आणि पुढचे तीन शून्य करून टाकले, मग ७ नं जाणारा आकडा जात नाही असं दिसायला लागलं. सेल आधी टेक्स्ट करा म्हणजे अंक तरी शाबूत राहतील, भागाकार मात्र वहीवर, सहा सहा अंकांचे तुकडे पाडून. एका तुकड्याला ७ नं भागलं की ५९४८८, तिन्ही मिळून ५९४८८०५९४८८०५९४८८. मधली शून्यं सोडू नका, भाचीनं तिथं पण एक खाल्लं.