थेरपिस्टची वेबसाइट आणि एआयचं सर्च : या चुका टाळा

“आमचं नाव चॅटजीपीटीत आणून द्या, किती घेता?” गेल्या वर्षभरात हा प्रश्न मला इतक्यांनी विचारलाय की आता मी आधी उलटा प्रश्न विचारतो, “मॅडम, तुमच्या दवाखान्याची वेळ तुमच्या वेबसाइटवर बरोबर आहे का?” पलीकडे थोडा वेळ शांतता. मग, “बघायला लागेल.”

मी सोलापुरात वेबसाइटी बनवतो. डॉक्टर, क्लासवाले, चादरीचे व्यापारी असं सगळं गिऱ्हाईक आहे. त्यात समुपदेशक आणि मानसशास्त्रवाले अलीकडे वाढलेत. माणसं चांगली, कामात जीव ओतणारी. पण वेबसाइट म्हटलं की त्याच त्या चुका. एकदा लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवता येईल.

आधी बदललंय काय ते थोडक्यात. गूगलने उत्तरांच्या वर एआयने लिहिलेला सारांश दाखवायला २०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत सुरुवात केली आणि ऑगस्टमध्ये तो भारतात आला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर चॅटजीपीटीलाही इंटरनेटवर शोधायची सोय मिळाली. परिणाम असा, की “चिंता म्हणजे काय” असं विचारणाऱ्याला उत्तर तिथंच मिळतं. तो तुमच्या पानावर येतच नाही. येतो तो पुढचा प्रश्न घेऊन : सोलापुरात कोण, कुठं, किती वाजता, कोणत्या भाषेत. याची उत्तरं तुमच्याकडंच असतात आणि नेमकी तीच वेबसाइटवर नसतात.

पाटी चुकली की सगळं चुकलं

ही माझी सगळ्यात नावडती चूक आहे, आणि ती मी स्वतः केलेली आहे.

विजापूर रोडला एक मॅडम समुपदेशन करतात. मानसशास्त्रात एम. ए., वर समुपदेशनाचा डिप्लोमा, शाळांमध्ये कामाचा दांडगा अनुभव. त्यांचं गूगलवरचं प्रोफाइल भाच्याने उघडून दिलं. श्रेणी निवडताना त्याने ‘सायकिअ‍ॅट्रिस्ट’ (मानसोपचाराचे डॉक्टर) निवडलं, का तर “लोक तेच जास्त शोधतात”. वेबसाइट माझ्याकडं आली. पहिल्या ओळीत मी ऐटीत टाइप केलं, ‘सोलापुरातील अग्रगण्य मानसोपचारतज्ज्ञ’. शब्द भारदस्त वाटला, मॅडमना आवडला, कुणी काही बोललं नाही. दोन वर्षं तो शब्द तिथं बसून होता.

मग गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत, जानेवारीत, एका रविवारी अक्कलकोटच्या पलीकडच्या गावातनं एक कुटुंब एसटीनं आलं. पोराच्या गोळ्या संपल्या होत्या, नेहमीचे डॉक्टर बाहेरगावी. थोरल्या मुलीने मोबाइलवर एआयला बोलून विचारलं होतं, सोलापुरात रविवारी मानसोपचाराचे डॉक्टर कोण. उत्तरात मॅडमचं नाव आलं. त्या औषधोपचार करतात आणि रविवारी दवाखाना उघडा असतो, असं व्यवस्थित मराठीत सांगितलेलं. वडील हात जोडून म्हणत होते, “लांबनं आलोय, लिहून द्या की ओ मॅडम.” मॅडम कुठनं लिहून देणार? औषध लिहून द्यायचा अधिकार डॉक्टरचा. त्यांनी ओळखीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांना फोन करून कशीबशी सोय केली. रात्री मला फोन आला. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं विचारलं, “हा शब्द कुणी लिहिला होता हो?”

एआयने यात काही मनचं घातलं नव्हतं. प्रोफाइलवर डॉक्टरची श्रेणी, वेबसाइटवर डॉक्टरचा शब्द. डॉक्टर म्हटल्यावर औषध आलंच. पूर्वी माणूस पानावर यायचा, खाली स्क्रोल करून शिक्षण वाचायचा, फोन करून विचारायचा. आता मधल्या पायऱ्याच गेल्या.

दुसऱ्या दिवशी श्रेणी ‘काउन्सेलर’ केली आणि वेबसाइटच्या पहिल्या परिच्छेदात चार साधी वाक्यं घातली. मी समुपदेशक आहे. मी औषधं लिहून देत नाही. औषधांची गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवते. मराठी, हिंदी आणि थोडं कन्नड बोलते. भाचा कुरकुरला, “सर्च पडेल.” पडू दे. मला वाटलं काम झालं, पण उत्तर काही सुधरेना. शोधल्यावर कळलं, तीन-चार डिरेक्टऱ्यांत, मॅडमच्या फेसबुक पेजवर आणि एका कॉलेजच्या कार्यक्रमाच्या बातमीत तोच शब्द पसरलेला. एकेकाला मेल करून तो काढून घ्यायला उन्हाळा उजाडला.

तेव्हा नावापुढं काय लावता ते एकदा नीट ठरवा. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायचं असेल तर रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाची नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्याने. नोंदणी असेल तर नंबर पानावर ठळक टाका; बरेच जण तो संकोचाने लपवतात, का ते मला अजून समजलेलं नाही. मानसिक आरोग्य हा विषय गूगल जास्त काटेकोरपणे तपासतं. लिहिणारा कोण, त्याचा अनुभव काय, त्याच्यावर विश्वास का ठेवायचा, हे त्याच्या मार्गदर्शक सूचनांतच आहे. त्यातला ‘अनुभव’ हा मुद्दा २०२२ च्या डिसेंबरमध्ये वेगळा जोडला गेला. हे सगळं सांगायला ‘अग्रगण्य’ हा शब्द लागत नाही.

सुंदर अक्षरं, आत कचरा

ही चूक खास आपल्याकडची. इंग्रजीत ‘एसईओ’ (सर्चमध्ये वर यायचं तंत्र) शिकवणारे कुणी ही सांगणार नाहीत.

एका सरांची मराठी वेबसाइट. दिसायला देखणी, मजकूर त्यांनी स्वतः लिहिलेला, आणि खरंच चांगला. पण गूगलवर त्यांची एकही मराठी ओळ सापडेना. आधीच्या माणसाने त्यांना दर महिन्याला पैसे घेऊन ‘कीवर्ड’, म्हणजे लोक शोधतात ते शब्द, वाढवून दिले होते. मी पानावरचं एक वाक्य सिलेक्ट करून व्हॉट्सअ‍ॅपमध्ये पेस्ट केलं. डॉलर, टक्के, रोमन अक्षरं, टोप्या घातलेले ‘ए’ आणि ‘ओ’. मराठी एक अक्षर नाही.

झालं असं होतं, की मजकूर डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेला, जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या फॉन्टात. लग्नपत्रिका छापायला तो उत्तम आहे. पण अशा फॉन्टात आत साठवलेली अक्षरं रोमनच असतात, त्यांच्यावर फक्त देवनागरी मुखवटा चढवलेला असतो. वेबसाइटवाल्याने तो फॉन्टच साइटमध्ये घालून दिला, म्हणून डोळ्यांना सगळं ठीक दिसत होतं. यंत्र मुखवटा बघत नाही. त्याच्या लेखी सरांनी तीन वर्षं बडबड केली होती.

उपाय एकच : सगळा मजकूर युनिकोडमध्ये. रूपांतर करणारी साधनं आहेत, पण ती रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडवतात, ‘मार्गदर्शन’ शब्दाची तर दशा करतात. मी हल्ली मोबाइलवर बोलून टाइप करतो आणि मग बसून शुद्धलेखन तपासतो. त्याला दोन दिवस गेले. सरांना ते एका तासात हवं होतं. तीन वर्षं थांबलात सर, दोन दिवस थांबा की.

हाच प्रकार व्हॉट्सअ‍ॅपवरच्या जाहिरातीचं चित्र उचलून वेबसाइटवर चिकटवण्याचा. फी, वेळ, पत्ता सगळं चित्रात. चित्रातलं वाचलं जाईल या भरवशावर राहू नका. ओळी पानावर लिहा.

एका संध्याकाळी साठ लेख

‘नैराश्य म्हणजे काय’, ‘ताण कमी करण्याचे दहा उपाय’, ‘झोपेचं महत्त्व’. एआयकडनं लिहून घ्यायचे आणि रात्रीत टाकून द्यायचे. नव्याने प्रॅक्टिस सुरू केलेल्यांना याचा फार मोह. घाई समजते मला, भाडं भरायचं असतं. पण जे उत्तर यंत्र स्वतःच देतंय, तेच यंत्राकडनं लिहून घेऊन यंत्रालाच पुन्हा कशाला द्यायचं? शिवाय क्रमवारीसाठी असे ढिगाने लेख टाकणं गूगलने मार्च २०२४ मध्ये आपल्या स्पॅमच्या नियमांत स्पष्टपणे घातलंय. माणसाने लिहिले की यंत्राने, याचा संबंध नाही. ढिगारा तो ढिगारा.

त्यापेक्षा एक पान लिहा, जे फक्त तुम्हीच लिहू शकता. लोक आता दोन शब्दांत शोधत नाहीत, बोलल्यासारखं विचारतात : “पोरगं शाळेत जायच्या नावाने रोज रडतंय, पोट दुखतं म्हणतंय, कुणाला दाखवू?” पूर्व भागातल्या एका ताईंकडं बहुतेक लोक तेलुगू बोलणारे येतात, विणकरांच्या घरातले. ताई अस्खलित तेलुगू बोलतात. वेबसाइट मात्र सगळी इंग्रजी, आणि तेलुगूचा उल्लेख कुठंच नाही. का, तर “ते प्रोफेशनल वाटत नाही”. मी म्हटलं, ताई, पुण्याच्या मोठ्या सेंटरकडं नाही ते एवढंच तर तुमच्याकडं आहे! ‘मी तेलुगूत समुपदेशन करते’ ही ओळ घातली, पहिल्या भेटीत काय होतं हे त्यांच्याच शब्दांत एका पानावर लिहिलं. सीबीटी (विचार आणि वागणं बदलायची थेरपी) वगैरे खाली गेलं. आधी माणसाचं दुखणं त्याच्या शब्दांत, मग तुमची पद्धत.

रिव्ह्यू

हॉटेलवाला गिऱ्हाइकाला म्हणू शकतो, “पाच स्टार द्या.” तुम्ही नाही. येणारा माणूस आधीच मोकळा झालेला, हळवा असतो. त्याच्याकडं कौतुक मागायचं नसतं. विकत घेतलेले रिव्ह्यू तर नकोच, गूगलच्या नियमातही ते बसत नाहीत.

त्याहून धोक्याचं म्हणजे उत्तर देणं. कुणीतरी एक स्टार देऊन वाईट लिहिलं, आणि एका सरांनी रागात उत्तर टाकलं, “तुम्ही तिसऱ्या सेशननंतर येणं बंद केलंत.” झालं! हा माणूस थेरपीला येत होता, हे सरांनी जगजाहीर केलं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम २३, गोपनीयतेचा हक्क. एकदा वाचून ठेवा. माझी सवय अशी : राग आला की उत्तर वहीत लिहायचं, आठ दिवसांनी वाचायचं. आजवर त्यातलं एकही गूगलवर टाकावंसं वाटलेलं नाही. अगदीच गरज पडली तर “गोपनीयतेमुळे इथे बोलू शकत नाही, फोन करावा” एवढंच, तेही समोरचा आपल्याकडं आला होता असं न सुचवता.

बाकीचं भराभर

गूगल प्रोफाइलमधून बनवलेली फुकट वेबसाइट मार्च २०२४ मध्ये बंद झाली. व्हिजिटिंग कार्डावर अजून तोच पत्ता असेल तर कार्ड बदला. कीवर्डचा मेटा टॅग (पानाच्या कोडमधली लपलेली ओळ) गूगल २००९ पासून बघत नाही म्हणून सांगतंय, त्याचे पैसे कुणी मागितले तर चहा पाजून परत पाठवा. ‘एआयसाठी खास फाइल’ विकणाऱ्यांचंही तेच. एआयच्या सारांशात यायला वेगळं काही लागत नाही, असं गूगल स्वतः म्हणतं. एआयच्या भीतीने रोबोट्सच्या फाइलमध्ये (साइट कुणी वाचायची ते सांगणारी फाइल) सगळेच बॉट, म्हणजे साइट वाचणारे प्रोग्रॅम, अडवू नका : चॅटजीपीटीवाल्यांचा जीपीटीबॉट प्रशिक्षणासाठी, ओएआय-सर्चबॉट शोधासाठी, दोन्ही वेगळे आहेत. फॉर्ममध्ये ‘तुमची समस्या सविस्तर लिहा’ असा रकाना नको, नाव आणि नंबर पुरे. आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर प्रत्येक पानाखाली हवा, कारण रात्री दोनला तुमचं पान उघडणारा अपॉइंटमेंटसाठी आलेला नसू शकतो.

माझी वही

कुठलंही महागडं टूल मी वापरत नाही. महिन्याच्या एक तारखेला दुसऱ्याच्या मोबाइलवरनं, लॉगिन न करता, एआयला प्रत्येक गिऱ्हाइकाबद्दल तीन प्रश्न विचारतो. हे कोण आहेत? कुठं बसतात? काय करत नाहीत? उत्तर जसंच्या तसं वहीत. चूक दिसली की ती कुठनं आली ते शोधायचं; बहुतेक वेळा आपल्याच जुन्या पानावर सापडते.

या महिन्याच्या नोंदीत एका सरांचा पत्ता अजून जुनाच येतोय, सात रस्त्याचा. तिथं आता झेरॉक्सचं दुकान आहे. दुरुस्ती कळवून झाली, वाट बघतोय. तोवर दुकानदाराकडं सरांची वीस कार्डं ठेवून आलोय.